ताम्हनातलं पाणी

या, जरा अलीकडे सरकून बसा. मागे भिंतीला टेकलेत त्यांनीही पुढे यावं, जागा पुष्कळ आहे आणि माझा आवाज आता पूर्वीसारखा लांब पोचत नाही. आज पूर्वरंग नाही, झांजा नाहीत, गळ्यात हार नाही. नुसतं आख्यान सांगणार आहे. त्यात राजा नाही, राक्षस नाही. चार फूट लांबीची एक काचेची टाकी आहे, तिच्यात दोनशे लिटर खारं पाणी आहे, आणि त्या पाण्यात मी माझ्या हाताने काय ओतलं त्याची ही गोष्ट आहे. मन लावून ऐका, मधे उठू नका. शेवटी एक मागणं मागणार आहे, ते ऐकल्याशिवाय तर मुळीच उठू नका.

तीन महिन्यांपूर्वी एका रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला मयुरा, म्हणजे माझी सून, ऑफिसच्या कामावरून पंधरा दिवसांनी बंगळूरहून परत आली. चाकांची बॅग दारातच सोडून, बूटही न काढता, ती हॉलमधल्या टाकीसमोर जाऊन उभी राहिली. मी माझ्या कोपऱ्यात सहाणेवर गंध उगाळत होतो. माहेरी आलेली मुलगी आधी आईचा चेहरा निरखते, तशी ती काचेतून आत बघत होती. मग आवाज न चढवता म्हणाली, "साकेत, तू काय ओतलंस यात?" माझा मुलगा सोफ्यावर चहा पीत होता. "काय ओतणार यार? तू लिहून दिलंस तेवढंच. आरओचं पाणी, रोज दीड लिटर. तक्ता फ्रिजवर लावलाय, बघ, रोजची टिकमार्क आहे." "टिकमार्क मलाही करता येते." "म्हणजे?" "म्हणजे हे सगळं मेलं कसं? गोगलगायी उलट्या पडल्यात. कोरल पांढरे झालेत. कोळंबी कुठंय? आणि मासे बघ, मजेत! मासे मजेत आणि बाकी सगळं मेलं, असं कसं होईल?" माझ्या हातातलं चंदनाचं खोड तेवढ्यापुरतं थांबलं. मग मी पुन्हा उगाळायला लागलो. त्या दिवशी गंध इतकं झालं की देवांना लावून, मला लावून, सहाणेवर उरलं आणि दुपारपर्यंत वाळून त्याला भेगा पडल्या. मासे मजेत कसे, ते त्या घरात फक्त मला माहीत होतं. माशाला जे सोसतं ते गोगलगाईला सोसत नाही, कोळंबीला तर नाहीच. पाण्यात तांबं उतरलं की आधी बिनकण्याचे जीव जातात. मासा राहतो, पोहतो, तोंड उघडतो, मिटतो, आणि काही बोलत नाही.

ज्या भिंतीला ती टाकी आहे तिथे आमचा देव्हारा होता. गुडगावातला हा फ्लॅट घेतला तेव्हा वीणाने, माझ्या बायकोने, बाकी काही बघितलं नव्हतं. पूर्वेची भिंत कुठली एवढंच बिल्डरच्या माणसाला हिंदीतून तीनदा विचारलं होतं. वीणा गेली त्याला तीन वर्षं झाली. ती गेल्यावर पूजा माझ्याकडे आली आणि पुढच्या वर्षी टाकी आली. मयुराने विचारलं होतं, नाही असं नाही. "बाबा, देव्हारा जरा इकडे शिफ्ट केला तर चालेल ना? टँक फुल झाला की खूप जड होतो, एवढं वजन याच भिंतीपाशी पेलेल असं इंजिनिअर म्हणाला." मी म्हणालो, "चालेल की." चालेल हा शब्द मी आयुष्यभर फार वापरला. ऑफिसात वापरला, वीणाच्या आजारपणात डॉक्टरांसमोर वापरला, आणि दर वेळी तो उच्चारताना घशाखाली काहीतरी साठत गेलं. देव्हारा फ्रिजच्या बाजूला गेला. फ्रिजची मोटर सुरू झाली की समई थरथरायची. पलीकडे न्हाणीघर, नळाचं पाणी भिंतीतून धावताना ऐकू यायचं. मी डोळे मिटून स्तोत्र म्हणायचो आणि मिटलेल्या डोळ्यांसमोर निळा दिवा यायचा, त्या टाकीचा, समुद्राच्या तळाचा खोटा निळा उजेड. मी भाविक माणूस आहे. कीर्तनात बुवांनी नुसता आवाज खाली घेतला तरी माझे डोळे भरून येतात, शेजारचा अनोळखी माणूस मला आपला वाटायला लागतो. आणि याच छातीत त्या मुलीचा राग रोज थोडा थोडा घट्ट होत होता.

खारी टाकी म्हणजे काय ते तुम्हाला थोडं सांगायला हवं. पाणी उडून जातं, मीठ उडत नाही. दिवसभरात दीड लिटर पाणी वाफ होऊन घरात विरतं आणि तितकं पाणी मागे राहिलेल्या मिठाला कमी पडतं. म्हणून रोज वरून साधं, शुद्ध, काही न विरघळलेलं पाणी घालायचं. खारेपणा जागचा हलता कामा नये. शिवाय प्रवाळ, म्हणजे ते कोरल, आपली हाडं पाण्यातूनच बांधतात, म्हणून पाण्यातला चुना मोजायचा, अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद, मोजायची, मॅग्नेशियम मोजायचं, कमी पडेल ते थेंबाथेंबाने घालायचं. मयुरा दर रविवारी हे करायची. डायनिंग टेबलावर छोट्या काचेच्या नळ्या मांडायची, प्लास्टिकच्या पिचकारीतून रसायन सोडायची, रंग बदलला की फोनमध्ये आकडा टाकायची. आणि समोरच्या खुर्चीवर पेपर धरून मी बसलेला असायचो. तेहतीस वर्षं मी दिल्लीतल्या पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काढली. दिवसाला चाळीस बाटल्या. माझे साहेब, राजीवजी, पाठीमागे उभे राहून म्हणायचे, "सुधाकर, आख़िरी बूँद लटका के रखो, गिराओ मत।" ब्युरेटच्या, म्हणजे खुणा केलेल्या उभ्या नळीच्या, टोकाला अर्धा थेंब लटकवून ठेवायचा आणि काचेच्या भिंतीला पुसून घ्यायचा, रंग त्या अर्ध्या थेंबाने फिरतो. मयुरा चार थेंब एकदम सोडायची. नळीतली पातळी उभ्याने वरून बघायची. मी एकदा, एकदाच, म्हणालो होतो, "डोळा पातळीला आणून बघ गं." "हो बाबा, बिल्कुल," ती हसून म्हणाली, आणि पुन्हा वरूनच बघितलं. कुठल्या तरी अमेरिकन माणसाचे व्हिडिओ ती कानात घालून ऐकायची, जेवताना साकेतला त्याचे आकडे सांगायची. मला तिने दीड वर्षात एकदाही विचारलं नाही. एकदाही. पाण्याबद्दल, या घरात, मला! आज म्हणतो की तिला बहुधा माहीतच नव्हतं. साकेतने "बाबा सरकारी नोकरीत होते" एवढंच सांगितलं असणार, आणि दिल्लीत असं सांगितलं की पुढे कोणी काही विचारत नाही. पण राग असा हिशेब करत नाही. राग फक्त बघत बसतो, समोरचा कुठे चुकतोय ते.

आता तुळशीचं ऐका. वीणाची तुळस बाल्कनीत होती. रोजच्या पूजेचं, ताम्हनात देवांवरून ओघळलेलं पाणी वीणा तांब्यात भरून ठेवायची, दुसऱ्या दिवशी तुळशीला घालायची. तीर्थ पायदळी जाऊ द्यायचं नाही, मोरीत तर नाहीच नाही. मीही तेच चालवलं. पण नोव्हेंबरात दिल्लीचा तो दरवर्षीचा धूर आला, मयुराच्या दम्यासाठी साकेतने बाल्कनी काचेने बंद करून घेतली, आणि दोन आठवड्यांत तुळस वरून खाली काळी पडत गेली. मयुरा बंगळूरला गेली त्याच सुमाराला तुळशीची शेवटची फांदी हातात आली. सकाळी साकेत सात वाजता मानेसरच्या कंपनीच्या बसने जायचा. घरात मी, फ्रिजची घरघर आणि ती टाकी. हातात तीर्थाचा तांब्या. कुठे ओतू? खाली सोसायटीच्या बागेत ओतायला गेलो तर तिथला गार्ड म्हणाला, "अंकलजी, यहाँ पानी डालना अलाउड नहीं है।" लिफ्टमधून तांब्या तसाच परत आणला. आणि टाकीसमोरून जाताना ती कोळंबी दिसली. लाल पाठीवर पांढरी रेघ, लांब पांढऱ्या मिशा. मी काचेला बोट लावलं की ती दगडाच्या कपारीतून बाहेर यायची आणि मिशा हलवायची. मनात आलं, हाही जीवच आहे. समुद्र म्हणजे सगळ्या नद्यांचा शेवट. तीर्थ समुद्राला मिळालं तर त्यात काय वावगं? मी झाकण सरकवलं आणि वाटीभर पाणी अलगद सोडलं. हात जोडले. खरं सांगतो, त्या सकाळी मला फार बरं वाटलं. दीड वर्षात पहिल्यांदा ती भिंत आमची वाटली. त्या दिवशी माझ्या मनात काही नव्हतं, हे मी देवासमोर सांगू शकतो. पहिले सहा दिवस मी देवासमोर सांगू शकतो.

सातव्या दिवशी एक गोगलगाय काचेवरून सुटून वाळूत पडली. आठव्या दिवशी तीन. मी ताम्हन हातात धरून तिथे उभा होतो आणि ताम्हनाच्या कडेला, वीणाच्या माहेरच्या नक्षीत, हिरवट रेघ जमली होती. जुन्या माणसाच्या नखात मळ साठतो तशी. माझ्या नाकात एकदम प्रयोगशाळेचा वास आला. तलावात शेवाळ माजलं की मोरचूद टाकायचे, तांब्याचंच मीठ ते. किती टाकायचं त्याचं गणित आम्ही करायचो, आणि दुसऱ्या दिवशी काठाला गोगलगायींचा थर लागायचा. राजीवजी बुटाने तो बाजूला सारायचे. हे सगळं मला माहीत होतं. तेहतीस वर्षं माहीत होतं. रात्रभर तांब्यात राहिलेलं पाणी, त्यात पंचामृतातल्या दह्याचा आंबटपणा, रोज एक वाटी. कुणी कागदावर विचारलं असतं तर अर्ध्या मिनिटात उत्तर लिहिलं असतं. पण पूजेच्या वेळी मी केमिस्ट नसतो, आणि केमिस्ट असतो तेव्हा पूजा नसते. ही दोन माणसं एका अंगात इतकी वर्षं शेजाऱ्यासारखी राहिली होती, एकमेकांच्या घरात कधी न डोकावता. सातव्या दिवशी पडलेली गोगलगाय बघून हात थांबला होता, आठव्या दिवशी मी ओतणं बंदच केलं. नवव्या दिवशीही ओतलं नाही. कोळंबी अजून होती. मंद झाली होती, पण बोट लावल्यावर एक मिशी हलवली तिने. साकेतला सांगायचं ठरवलं. पाणी बदलायचं, तांबं शोषायला कोळशाची पिशवी टाकायची, जगलं असतं बरंचसं.

संध्याकाळी साकेत बाहेरून आला, मयुराचा व्हिडिओ कॉल लागला, त्याने फोन टाकीकडे धरला. मी स्वयंपाकघरात पोळ्या गरम करत होतो. सांगायला म्हणून हात पुसतच बाहेर येत होतो. तिचा आवाज आला, "गोगलगायी खाली का दिसतायत रे? बाबा हात-बित लावत नाहीत ना टँकला? त्यांना लावू देऊ नको हं, प्लीज. त्यांना यातलं काही कळत नाही." साकेत हसला. नुसता हसला, हो ला हो देतात तसा. "नाही गं, बाबा आणि टँक! ते त्यांच्या देवात असतात." मी दारातून मागे सरलो. पोळी तव्यावर जळाली. त्या जळक्या वासात उभा राहून मी तेच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकत होतो, तिच्या आवाजात, मग राजीवजींच्या आवाजात, मग माझ्या. यातलं काही कळत नाही.

दहाव्या दिवशी सोमवार होता. सोमवारी वीणा पूजेची भांडी घासायची, म्हणून मीही घासतो. ताम्हन, पळी, पंचपात्र, तांब्या, सगळं तांब्याचं. भिजवलेली चिंच आणि मीठ लावलं की हिरवं सुटतं आणि आतून गुलाबी, नव्या बाळाच्या तळव्यासारखं तांबं निघतं. ते घासलेलं पाणी मी एरवी मोरीत टाकतो, कारण ते तीर्थ नव्हे. ते भांड्याचा मळ. निळसर, हिरवट, आंबट. त्या सोमवारी मी ते पातेल्यात धरलं. इथे जरा थांबतो. लहानपणी वडील मला पहाडगंजातल्या मराठी शाळेच्या हॉलमध्ये गणेशोत्सवात कीर्तनाला न्यायचे. एक बुवा यायचे, उंच, लाल उपरण्याचे. आख्यानातला दुष्ट आता घात करणार, शस्त्र उचललेलं, की बुवा झांजा एकदम थांबवायचे. सगळा हॉल गप्प. मग आमच्याकडे बघून विचारायचे, "आता याला कोण अडवणार?" आणि पुढे बसलेली पोरं ओरडायची, "मी!" त्या पोरांत मी सगळ्यात मोठ्यांदा ओरडायचो. घरी येईपर्यंत घसा बसलेला असायचा. वडील म्हणायचे, "शाब्बास, अडवलंस हो!" त्या सोमवारी हॉलमध्ये, पातेलं हातात धरून, मी थांबलो होतो. फ्रिजची मोटरही नेमकी बंद पडलेली. इतकी शांतता त्या घरात कधी नव्हती. एकोणसत्तर वर्षांचा माणूस. कोणी विचारलं नाही. मी झाकण सरकवलं आणि ओतलं. सगळं. शेवटचा थेंब लटकवून ठेवला नाही.

पाण्यात हिरवट धूर पसरावा तसं क्षणभर काहीतरी पसरलं आणि पंपाने ओढून नेलं. नंतर पाणी पूर्वीइतकंच स्वच्छ. तांबं दिसत नाही, हीच त्याची खोड आहे. अर्ध्या तासाने कोळंबी दगडावर चढून आली, दिवसाउजेडी, जे ती कधी करत नसे, आणि पाठीवर पडली. पाय हलत होते. माझं जेवण झालं तरी हलत होते. मी काचेला बोट लावलं नाही.

रविवारी मयुरा आली ते तुम्ही ऐकलंतच. त्यानंतरचे चार दिवस ते दोघं भांडले, आणि मी ऐकत होतो. दार बंद करून भांडायचे, पण ती हळू बोलत नाही, पुण्याची आहे. "तू आरओची कॅन रिकामी झाल्यावर नळाचं पाणी घातलंस. कबूल कर ना, संपव." "अरे, नाही घातलं यार! किती वेळा सांगू?" "तुझं नेहमीचं आहे हे. आईंच्या गोळ्यांच्या वेळीही तू म्हणाला होतास, दिल्या." हे ऐकून मी उठून बसलो. वीणाच्या शेवटच्या महिन्यात एक दिवस गोळी राहिली होती. ती साकेतकडून नव्हे, माझ्याकडून. साकेतने तेव्हा माझ्यासाठी खोटं सांगितलं होतं, आणि मी ते विसरून गेलो होतो. म्हणजे विसरलो नव्हतो. बाजूला ठेवलं होतं. आताही साकेतने माझं नाव घेतलं नाही. मग मयुराने तिच्या मैत्रिणीचं नाव घेतलं, "मी थोडे दिवस कृतिकाकडे राहते. नोएडाला. प्रश्न टँकचा नाही रे. मी विचारते आणि तू माझ्या तोंडावर खोटं बोलतोस, त्याचा आहे." मुलगा खरं बोलत होता. त्याला खोटा ठरवणारं पाणी माझ्या हातचं होतं. एका वाक्याने सगळं मिटलं असतं. आणि मी काय करत होतो? मी जपाची माळ ओढत होतो, आणि मण्यामण्यागणिक आत कुठेतरी एक गोड, आंबट चव सुटत होती. तिची बॅग पुन्हा भरली जात होती, त्या चाकांचा आवाज मला आवडत होता. कीर्तनात रडणारा मी हाच. तुम्ही माझ्याकडे असं बघू नका. बघा, हवं तर बघा.

गुरुवारी सकाळी, साकेत गेल्यावर, मयुरा देव्हाऱ्यापाशी आली. दारात बॅग तयार होती. तिच्या हातात तिचा तो नळ्यांचा डबा. "बाबा, साकेत काल म्हणाला की तुम्ही पाण्याच्या लॅबमध्ये होता. तेहतीस वर्षं?" "तेहतीस." "मला माहीतच नव्हतं. मी एवढे दिवस तुमच्यासमोर बसून..." तिने डबा टेबलावर ठेवला. "माझे सगळे आकडे बरोबर येतायत आणि टँक मेलाय. मला जायच्या आधी कळायला हवंय की साकेत खोटं बोलतोय की मी वेडी आहे. तुम्ही बघाल का?" दीड वर्ष मी ज्याची वाट बघितली ते हे. मी टेबलाशी बसलो, चष्मा बदलला. नळी डोळ्याच्या पातळीला धरली. हात बेइमान असतात, त्यांना फक्त काम कळतं. अर्धा अर्धा थेंब. "असं करायचं होय!" मयुरा शेजारी वाकून म्हणाली, तिचा श्वास माझ्या कानाला लागला. अल्कलिनिटी साडेसात, थोडीशी उतरलेली. कॅल्शियम चारशे वीस. मॅग्नेशियम ठीक. खारेपणा ठीक. "म्हणजे पाणी चांगलं आहे," ती म्हणाली, आणि तिचे खांदे पडले. "मग साकेतनेच..." लॅबमध्ये आमचा एक रिवाज होता. तपासलं नाही ते अहवालात लिहायचं नाही, पण तपासायचं काय राहिलं ते शेवटच्या ओळीत लिहायचंच. ती ओळ न लिहिता बाटली पुढे गेली की राजीवजी ती परत टेबलावर आणून आपटायचे. मयुराने डबा बंद करायला हात पुढे केला आणि माझं तोंड आपोआप उघडलं. "तांबं राहिलं."

"तांबं? टँकमध्ये तांबं कुठून येणार बाबा?" मी देव्हाऱ्याकडे बघितलं, एवढंच. तिने माझ्या नजरेच्या मागोमाग बघितलं. सोमवारचं घासलेलं ताम्हन लखलखत होतं. तिचा चेहरा मी बघत होतो. आधी काही नाही, मग भुवया, मग ओठ. "तुळस गेली ना," मी म्हणालो, "तीर्थ कुठे टाकायचं कळेना. मला वाटलं, समुद्रच आहे तो." "किती दिवस?" "सहा." "फक्त तीर्थ?" "फक्त तीर्थ." ती डोळे मिटून बसली. मग तिने काय केलं असेल? तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "अहो बाबा, मला फोन करून विचारायचंत ना. आई असत्या तर त्यांनी विचारलं असतं, यात ओतू का म्हणून." आणि तिथेच बसून तिने साकेतला फोन लावला, मानेसरला, मीटिंगमध्ये. "सॉरी," म्हणाली. "तू खरं बोलत होतास. सॉरी, सॉरी. नाही, बाबांना रागवू नको अजिबात. त्यांना माहीत नव्हतं." बॅग आत गेली. मला क्षमा मिळाली होती. पण जी मिळाली ती सहा दिवसांची. दहाव्या दिवसाची कुणी दिली नव्हती, कारण मागितली नव्हती.

शनिवारी तिने टाकी उपसायला घेतली. तांबं मोजायचं किट आलं होतं, त्याचा रंग तक्त्याच्या शेवटच्या खणाच्याही पुढे गेला. "सहा वाट्यांनी एवढं?" ती स्वतःशीच म्हणाली. मी पेपर वाचत होतो. तिने गाळणीचा कापडी मोजा सोडवला, उलटा केला, आणि टिश्यूवर काहीतरी चिमटीने ठेवलं. वाकून बघितलं. पेपरच्या कडेवरून मलाही दिसलं. तपकिरी, बोटभर लांबीचा, चिवट तंतू. चिंचेचा. पुण्याच्या घरात वाढलेल्या मुलीला चिंचेचा तंतू ओळखायला भिंग लागत नाही. पंप बंद होता, टाकीत पाणी वीतभर उरलेलं, दोन नारिंगी मासे एका कोपऱ्यात. "बाबा," ती म्हणाली, माझ्याकडे न बघता, "तांब्याची भांडी कशाने घासता तुम्ही?" "चिंचेने," मी म्हणालो. "अच्छा." तिने टिश्यूची घडी घातली, पुन्हा घडी घातली, आणि कचऱ्यात न टाकता कुर्त्याच्या खिशात ठेवली. साकेत बादली घेऊन आला, "काय झालं?" "काही नाही," ती म्हणाली. "हे दगड आता कामाचे नाहीत. दगड तांबं पितात आणि मग वर्षानुवर्षं थोडं थोडं सोडत राहतात. यात फक्त मासे राहतील. कोरल नाही, कोळंबी नाही. कधीच नाही." मी मान हलवली. शास्त्र बरोबर होतं तिचं.

त्याला आता तीन महिने झाले. तिने साकेतला सांगितलेलं नाही. मला एका शब्दाने विचारलेलं नाही. फक्त एक झालं. टाकी उपसल्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी मी पूजा आटपून वळलो तर ती मागे उभी होती, न्हाऊन, ओल्या केसांनी. चार वर्षांत ती कधी तीर्थ घ्यायला आली नव्हती. उजव्या हाताचा तळवा पुढे, खाली डावा हात. माझ्या हातात पळी होती, तांब्याची. मी तिच्या डोळ्यांकडे बघितलं. तिथे राग नव्हता, क्षमा नव्हती. माझी वाट बघणारं काहीतरी होतं, बुवांनी झांजा थांबवल्यावर हॉलमध्ये असायचं तसं. मी पळी वाकडी केली. ती प्यायली. ओला हात केसांवरून फिरवला आणि बाजाराची पिशवी घेऊन गेली. तेव्हापासून रोज येते. रोज तळवा पुढे करते. माझ्या हातचं पाणी, कशाचं आहे ते न विचारता, माझ्याकडे बघत पिते. आणि रोज माझ्या घशापर्यंत ते वाक्य येतं, चिंचेचं, सोमवारचं, आणि ती घोट घेईपर्यंत परत खाली जातं. देव्हारा अजून फ्रिजपाशीच आहे. ती म्हणाली होती परत पूर्वेच्या भिंतीला नेऊ या. मीच नको म्हणालो. तिथे ते दगड आहेत.

झालं आख्यान. आता मागणं. तुम्ही इथून उठाल, कुठे देवळात, कुठे सत्यनारायणाला हातावर तीर्थ घ्याल. पळी धरणाऱ्याकडे कोण बघतं? माझ्यासाठी काही मागू नका, माझं माझ्यापाशी राहू द्या. पण पाणी तळव्यावर पडलं आणि गार लागलं, की ओठाला लावायच्या आधी एक क्षण थांबा आणि एका मुलीची आठवण काढा. तिचं नाव मयुरा. तेवढं लक्षात ठेवा.